मिक्सर शॉवर बसवण्याआधी गच्चीवर जा

शॉवरची तक्रार आली की प्लंबर आधी मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ, खोलतो. माझं म्हणणं, आधी गच्चीवर जा. लातूर असो, बीड असो की जालना, आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही. म्हणून खाली हौद, वर नळाच्या पाण्याची एक टाकी, बोअरची दुसरी. पाणी तापवणारा सोलर नळाच्या टाकीवर, न्हाणीतली थंड लाइन बोअरच्या टाकीवर, आणि वरून तिला प्रेशर पंप. खरी अडचण इथंच आहे.

पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. टाकीतली पातळी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर गरम बाजूला जेमतेम ०.३ बार मिळतो. पंपाची लाइन १.५ बार धरा; म्हणजे पाचपट. शॉवरच्या बारीक भोकांतून तेवढं थंड पाणी निघत नाही, मग ते गरमच्या पाइपात उलटं शिरतं. सोलरचं पाणी कोमट होतं, सोलरचा व्हेंट पाइप (हवा-वाफ बाहेर सोडणारा उघडा पाइप) गळायला लागतो. वाईट म्हणजे बोअरचं खारं पाणी सोलरमधून नळाच्या टाकीत पोचू शकतं, आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

खात्री करायची असेल तर सोलरचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या, हँड शॉवरचं बटण मात्र बंद. आता स्वयंपाकघरातला गरम नळ सोडा. पाइपातलं साठलेलं पाणी संपूनही धार चालूच राहिली, तर ते मिक्सरमधून आलेलं थंड पाणी.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे थंडचा अँगल कॉक (लाइनीवरची बंद-चालू करायची चावी) आवळणं. पाणी वाहतंय तोवरच त्याचा उपयोग. वाहणं थांबलं की कॉकच्या पुढंही पूर्ण दाब येतो. पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, थांबलेल्या पाण्याचाही दाब कमी ठेवतो, पण बाजारातले बरेच पीआरव्ही १ बारच्या खाली उतरत नाहीत. ०.३ बारसमोर ते अपुरेच.

म्हणून थंड आणि सोलर, दोन्ही लाइनी एकाच टाकीतून, पंपाविना घ्या. सोलरच्या टाकीचा माथा त्या टाकीच्या तळाखाली हवा, व्हेंट मात्र त्या पाण्याच्या टाकीच्या माथ्याच्याही वर. साध्या, दाब न सोसणाऱ्या सोलरला पंपाचा दाब देऊ नका, आतली टाकी फुटू शकते. इलेक्ट्रिक गिझर असेल तर गरम आणि थंड लाइन वेगळ्या होतात त्याच्या आधी पंप बसवा, म्हणजे दोन्हीकडं सारखाच दाब. फक्त गिझरच्या पाटीवरचा कमाल दाब बघून घ्या, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कधीच बुजवू नका.

गरम लाइन सीपीव्हीसीचीच (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप), गच्चीवरून खाली २५ मिमी. कमी दाबात प्रत्येक एल्बो (वळणाचा जोड) नडतो. दोन्ही लाइनींवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावा, पण स्प्रिंगचा नको, झडपेचा. स्प्रिंग उघडण्यातच थोडा दाब खर्ची पडतो. एनआरव्ही भिंतीत गाडू नका, क्षारानं अडकतो.

वॉल मिक्सरला मधोमध १५० मिमी अंतर, गरम डावीकडं. बसवण्याआधी दोन्ही तोंडांतून बादलीभर पाणी सोडून कचरा काढा. बसवल्यावर आधी फक्त गरम, मग फक्त थंड सोडून १० लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. नव्या कामात वेळ जवळपास सारखा यायला हवा. काही महिन्यांनी फरक पडला, तर हळू भरणाऱ्या बाजूच्या लेगमधली (मिक्सर भिंतीला जोडणारा तुकडा) जाळी काढा. बोअरचा क्षार आधी तिथंच धरतो.