कापसाचं लेकरू आणि आमच्या बाई

श्रोतेहो, नमस्कार.

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली आजच्याच तारखेला झाला. सकाळपासून तुम्ही त्यांच्या दिव्याची गोष्ट दोन-तीनदा तरी ऐकली असेल. त्यांना हात जोडते आणि मी दुसऱ्या बायांकडे वळते. या बायांच्या हातात दिवा नव्हता, बाहुली होती.

फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची एक सुईण होती. १७५९ साली तिथल्या राजानं, पंधराव्या लुईनं, तिला गावोगावच्या सुइणी शिकवायचं काम दिलं. या बाईनं कापड, चामडं आणि भराव वापरून बाळंतिणीचं धड शिवलं, आत बाळ ठेवलं आणि ते घेऊन कित्येक वर्षं ती देशभर फिरली. पुढे १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख लॉडर सदरलँड यांनी मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली. पोरी तिला ‘मिसेस चेस’ म्हणायच्या. तिला अंघोळ घालायची, कूस बदलायची, चादर बदलायची. म्हणजे चूक करायची तर आधी बाहुलीवर करायची. हे लक्षात ठेवा, चूक आधी बाहुलीवर.

आमच्याकडे मिसेस चेस कुठल्या यायला? आमच्याकडे संत्री होती. इंजेक्शन द्यायला आम्ही संत्र्यावर शिकलो. आता नागपुरी संत्र्याबद्दल वाईट बोललं तर हे लोक मला इथून घरी जाऊ देणार नाहीत, पण खरं सांगते, सुईसाठी ते काही कामाचं नाही. साल सैल, फोडींपासून सुटलेली. त्यापेक्षा मोसंबी बरी. आणि टोचलेलं फळ खायचं नसतं. आमच्या वर्गातल्या दोघींनी खाल्लं होतं, असो.

आमच्या ट्यूटर बाई मात्र संत्र्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जुन्या लुगड्याची दोन बाळं शिवली. नुसता कापूस भरला तर बाळ हलकं होतं, हाताला वजन कळत नाही, म्हणून आत ज्वारी घातली. एक बाळ अडीच किलोचं, एक दीड किलोचं. तराजूवर मोजून. नाळ म्हणून परकराची नाडी. दर पावसाळ्यात उंदीर त्या बाळांच्या मागे लागायचे.

तर १९८६ सालची गोष्ट. प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजाराचा दिवस, बाहेर ओपीडीला ही गर्दी. आमची बाळंतपणाची तालीम. बाई स्वतः टेबलावर आडव्या झाल्या, अंगावर लुगडं, लुगड्याखाली दीड किलोचं बाळ. आणि लागल्या ओरडायला, “मेली वं माय! मेली!” बाईंचा आवाज असा, की शेजारच्या खोलीतल्या कंपाउंडरच्या हातून बाटली सुटली.

त्या तालमीत मी मुख्य नर्स. पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं. बाईंनीच आतून बाळ पुढे सरकवलं, ते माझ्या हातात आलं, आणि मी काय केलं? ठेवलं सरळ स्टीलच्या ट्रेमध्ये आणि लागले ब्लेड शोधायला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एक आजी. गावातली दाई, गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला रांगेत बसली होती. कळा ऐकल्या आणि राहवलं नाही. मला कोपरानं ढकललं, “व्हय मांगं!” आणि ट्रेमधलं लेकरू उचललं. उचललं आणि थबकली. दाबून पाहिलं. आतली ज्वारी कुरकुरली.

आम्ही सगळ्या गार. आता ही शिव्या घालणार. पण बाईंचा नियम असा, की शेवट होईपर्यंत सोंग सोडायचं नाही. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि कण्हत विचारलं, “बाळ रडत काहून नाही वं?”

आजीनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा बाहुलीकडे. मग आपल्या पदरानं त्या लुगड्याच्या बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पुसलं, पाठ चोळली, बाईंच्या छातीवर ठेवलं, वरून लुगडं ओढलं. आणि माझ्याकडे वळली, “काहून वं पोरी, थंड्या लोखंडावर ठेवतं लेकराले? मायच्या आंगाले लाव!”

मग नेहमीसारखं गोल करून बसलो. बाई आधी कधीच चूक सांगत नसत. आधी विचारायच्या, तुला काय वाटलं? तालमीपेक्षा हे बोलणंच लांबायचं, आणि मी म्हणते शिकणं तिथंच व्हायचं. त्या दिवशी बाईंनी आजीलाही विचारलं, “आजी, बाहुली आहे हे कळलं होतं ना?”

आजी म्हणाली, “हातात घेतल्याबरोबर कळलं. ज्वारी हाय. पण तू तं विचारून राह्यली होती ना, लेकरू काहून रडत नाही म्हणून.”

बाईंनी तिचीही चूक काढली बरं का. पदर नको, स्वच्छ कोरडं फडकं घ्यायचं. आजी जरा फुगली.

ऐका, मुख्य गोष्ट पुन्हा सांगते. बाळ जन्मलं की कोरडं करा, ऊब द्या, श्वास बघा. कोरडं, ऊब, श्वास. श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आतच हातानं दाबायचा फुगा आणि मास्क लावून श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते, मिनिटाला ४० ते ६०. आता त्याला सोनेरी मिनिट म्हणतात. ते मिनिट पुस्तक उघडण्यात जाऊन चालत नाही, हातालाच यायला लागतं.

आजीसारख्या बायांना हे येतं का, असं शहरातले लोक विचारतात. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

आता तर नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच सिम्युलेशन, म्हणजे खोट्या रुग्णावरचा सराव, आलंय. चांगलंच आहे. पण एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मी महागडी बाहुली पाहिली, अंगावरचं प्लॅस्टिक अजून तसंच. कपाटाची चावी बाबूंकडे आणि बाबू रजेवर. ज्वारीच्या बाळाला कपाट नव्हतं, म्हणून ते रोज हातात यायचं.

काचेपलीकडून खूण होतेय, वेळ संपली. आजीचं सांगायचं राहिलंच की. पुढची चार वर्षं बाईंनी प्रत्येक तालमीला तिला बोलावलं. काम एकच, बाळंतिणीची सासू व्हायचं आणि पोरींना सुचू द्यायचं नाही. आजी बाजाराच्या दिवशीच यायची, चहा घ्यायची, गुडघ्याच्या गोळ्या रांगेत न बसता न्यायची, आणि दारातूनच विचारायची, “आज कोन्ती पोरगी हाय वं?”

नमस्कार.