अरीयपगाचा खडक

हा खडक नीट बघा. अथेन्समधला अरीयपग. दगडातल्या जुन्या पायऱ्या इतक्या गुळगुळीत झाल्यात की लोक बाजूच्या लोखंडी जिन्यानंच वर जातात. पायथ्याशी ही ब्राँझची पाटी, त्यावर ग्रीकमध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं भाषण, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 17.

इतर धर्मांचं काय, असं विचारलं की इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल प्रमाण मानणारा आणि येशूवरच्या व्यक्तिगत विश्वासावर भर देणारा ख्रिस्ती माणूस आधी बायबलमधलं योहान 14:6 उघडतो, "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे". तारण, म्हणजे पापातून सुटका, ख्रिस्तातच, इथे तडजोड नाही आणि ते लपवायचंही कारण नाही. पण मग बाकीच्या धर्मांत नुसता अंधारच का?

पौल अथेन्सला आला, मूर्ती बघून त्याचा जीव तळमळला, हे खरंच, पण तो शहरभर फिरला, लोक कशाची भक्ती करतात ते नीट बघत फिरला आणि फिरता फिरता त्याला एक वेदी दिसली, तिच्यावर लिहिलेलं, "अज्ञात देवाला". भाषण त्यानं तिथूनच सुरू केलं. पुढे तर त्यांच्याच कवीची ओळ घेतली, आपण त्याचा वंश आहोत. ही ओळ अराटसची, ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्या स्तुतीतली! आणि ती आज बायबलमध्ये आहे.

आता हे लोझान, स्वित्झर्लंड, जुलै 1974. अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकारानं 150 देशांतले इव्हँजेलिकल लोक जमलेत, त्यांच्या जाहीरनाम्याचा, म्हणजे लोझान कराराचा मसुदा मुख्यतः इंग्लंडचे धर्मगुरू जॉन स्टॉट यांच्या हातचा. तिसरं कलम म्हणतं, निसर्गातून देवाची थोडीफार ओळख सगळ्यांना होते, पण तेवढ्यानं तारण होत नाही, आणि ख्रिस्त सगळ्या धर्मांतून सारखाच बोलतो असं धरून चालणारा संवाद आम्हाला मान्य नाही. बरेच जण इथेच वाचायचं थांबवतात. जरा खाली या ना, चौथं कलम बघा. समोरच्याला समजून घ्यायला मनापासून ऐकणं, असला संवाद सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याच्या कामात हवाच, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

ज्यांच्या कानावर येशूचं नावच गेलं नाही त्यांचं काय, यावर मात्र एकमत नाही, कोणी म्हणतं विश्वासाशिवाय तारण नाही, कोणी ते देवावर सोडतं.

धर्म बदलला म्हणून घरं दुभंगली, जबरदस्तीचे आरोप झाले, आणि 2011 साली वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्सनं व्हॅटिकन आणि वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेससोबत लिहून दिलं की फसवणूक नको, आमिष नको, बळजबरी नको.

पुन्हा खडकावर येऊ. भाषण संपल्यावर काहींनी थट्टा केली. काहींनी विश्वास ठेवला, त्यातली दियनुस्य आणि दामारी ही नावं आपल्याला माहीत आहेत. आणि काही म्हणाले, याबद्दल तुझं पुन्हा ऐकू. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.