दिवा लागतो, पण प्लग तापतात का?

डिसेंबरातली सकाळ. अजिंक्यताऱ्यावरचं धुकं अजून उतरलेलं नाही. सातारा एमआयडीसीतल्या या गॅरेजसमोर एक जुनी डिझेल जीप रात्रभर उभी आहे. मिस्त्रींचाच तसा निरोप होता, "संध्याकाळी आणून लावा, इंजिन पार गार होऊ द्या."

जीप भिलारची. तात्या तिच्यातून स्ट्रॉबेरीचे क्रेट नेतात. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तो हा पट्टा. पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. सुरू झालीच तर जीप थरथरते, पांढरा धूर ओकते. तो धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, डोळ्यांना झोंबतं.

तात्यांनी नवी बॅटरी घातली. सिलिंडर आतून तापवणारे चारही हीटर प्लग बदलून घेतले. पैसे गेले, तक्रार तशीच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. थंडीत मात्र गार पडलेलं लोखंडच ती ऊब शोषून घेतं. म्हणून हीटर प्लगचं टोक काही सेकंदांत लालबुंद व्हावं लागतं.

मिस्त्री चावी फिरवायला सांगतात. डॅशबोर्डवर कॉइलच्या खुणेचा पिवळा दिवा लागतो, विझतो. बरेच जण इथेच समाधान मानतात. पण या जीपमध्ये तो दिवा फक्त 'आता सेल्फ मारा' एवढंच सांगतो. प्लगपर्यंत करंट पोचला की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं.

आता चारही प्लगांना करंट वाटणारी, त्यांच्यावरची पट्टी निघते. मिस्त्री आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवतात : ०.३ ओहम. हा वायरींचाच रोध, एवढं वजा करायचं. मग एकेक प्लग. चारही ०.९ च्या आसपास. एखादा जळालेला असता, तर मीटरनं काहीच दाखवलं नसतं.

"प्लगांची चूक न्हाय, तात्या."

मग पट्टीकडे येणारी सुटी तार. चावी चालू : १२.४ व्होल्ट. सगळं ठीक वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. मीटर नगण्य करंट घेतो. चार प्लग मिळून ४०-५० अँपिअर ओढतात. तारेतले चार धागे शिल्लक असले, तरी मीटरला बारा व्होल्ट दिसणारच. म्हणून पट्टी पुन्हा बसवायची, प्लगांचा भार द्यायचा आणि मग मोजायचं.

आता पट्टीवर फक्त ६.८.

मिस्त्री उलट्या दिशेनं निघतात. रिले म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर प्लगांना करंट सोडणारा स्विच. त्याच्या आउटपुटवर ११.६. म्हणजे रिले शाबूत. मधल्या हातभर तारेत जवळजवळ पाच व्होल्ट हरवतात.

कॅमेरा जवळ. पट्टीच्या टोकाशी तारेचं थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी. वरची टेप काढताच आत हिरवा गंज. मिस्त्री बोट लावतात आणि लगेच मागे घेतात : सांधा तापलाय. सिलिंडरला हवी ती उष्णता इथं खर्च होत होती. हलकेच ओढलं, तर तांब्याचे धागे हातातच येतात.

चकचकीत तांबं लागेपर्यंत तार छाटली, नवं थिंबल दाबलं, वर नळी चढवली. पुन्हा भारावर मोजलं : ११.३. तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर आकडा ५० अँपिअरच्या पुढे जाऊन हळूहळू उतरतो. प्लग तापला की कमी करंट ओढतो, म्हणजे प्लग तापत चाललेत.

घरी हा तपास करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. काही नव्या गाड्यांचे प्लग पाच व्होल्टच्या आसपासचे असतात. त्यांना बॅटरीचे सरळ बारा व्होल्ट दिले, तर क्षणात जळतात. प्लगवरचा आकडा आधी वाचा. आणि प्लग काढताना जोर लावू नका. हेडमध्ये तुटला, तर हेड उतरवायची पाळी येऊ शकते.

तात्या सेल्फ मारतात. पहिल्याच फेऱ्यात इंजिन धरतं. धुराची एक झुळूक, मग काही नाही.

जुने चार प्लग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सीटखाली ठेवले होते. मिस्त्री पुडी सोडतात, एकेक मोजतात.

चारही चांगले.