बेरजेवर जाऊ नका: हूप्स डायनेस्टीतला रिक्रूट कसा पारखायचा

नमस्कार. व्हॉटइफस्पोर्ट्स या साइटच्या हूप्स डायनेस्टी या ऑनलाइन गेममध्ये आपण अमेरिकन कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे कोच असतो. सामने खेळतो गेमचा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन. आपल्या हातात राहतात सेट (हल्ल्याची आणि बचावाची पद्धत), सराव, मिनिटं आणि खेळाडूंची निवड. या चारांत निवड चुकली, तर बाकीच्या तिघांनी ती भरून निघत नाही. म्हणून आज फक्त एवढंच पाहू : समोर आलेला रिक्रूट, म्हणजे टीममध्ये घेता येईल असा नवा खेळाडू, घ्यायचा की सोडायचा, हे ठरवायचं कसं?

नवा कोच पहिली चूक करतो ती एकूण रेटिंगवर यादी लावण्याची. हे एकूण रेटिंग म्हणजे बारा गुणांची सरळ बेरीज असते : ॲथलेटिसिझम, वेग, रिबाउंडिंग (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), बचाव, शॉट ब्लॉकिंग, लो पोस्ट (बास्केटजवळून शॉट), पेरिमीटर (लांबून शॉट), बॉल हँडलिंग, पासिंग, वर्क एथिक (मेहनतीची वृत्ती), स्टॅमिना आणि ड्युरेबिलिटी (दुखापतींपुढे टिकाव). फ्री थ्रोची अक्षरी श्रेणी वेगळी. या बेरजेत पॉइंट गार्डच्या (चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्याच्या) ब्लॉकिंगला आणि सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) ब्लॉकिंगला सारखंच वजन मिळतं. मैदानावर तसं नसतं.

एक उदाहरण फळ्यावर मांडतो. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण अशा जोड्या तुम्हाला दर सीझनला भेटतील. दोघेही पॉइंट गार्ड. पहिल्याचं एकूण ६४०, दुसऱ्याचं ५८५. यादीत पहिला बराच वर दिसणार. आता गार्डला खरोखर लागणारे सहा गुण वेगळे काढू. पहिला : ॲथलेटिसिझम ४८, वेग ५२, बचाव ४४, पेरिमीटर ५५, बॉल हँडलिंग ५४, पासिंग ४६. बेरीज २९९. दुसरा : ५५, ६८, ५८, ६०, ६३, ६१. बेरीज ३६५. म्हणजे कामाच्या गुणांत दुसराच ६६ नी पुढे आहे. मग पहिल्याचे ६४० आले कुठून? रिबाउंडिंग, ब्लॉकिंग आणि लो पोस्ट मिळून १३३, शिवाय ड्युरेबिलिटी ९०. दुसऱ्याचे तेच तीन गुण मिळून जेमतेम २४ आणि ड्युरेबिलिटी ३८. आणि वर्क एथिक? पहिल्याचं ४२, दुसऱ्याचं ७८. तिसऱ्या वर्षी या दोघांत केवढं अंतर पडेल याचा अंदाज इथेच येतो. मोठ्या खेळाडूसाठी चाळणी बदलायची : ॲथलेटिसिझम, रिबाउंडिंग, बचाव, ब्लॉकिंग, लो पोस्ट. सेंटरचं पासिंग २० असलं तरी त्याला हाकलू नका.

आता क्षमता, म्हणजे गुण अजून किती वाढू शकतो ते. स्काउटिंगच्या (रिक्रूटची माहिती काढण्याच्या) खालच्या पातळ्यांवर अक्षरी श्रेणी दिसते. पूर्ण स्काउट केलं की आकडे आणि प्रत्येक गुणाची क्षमता उघडते : हाय, ॲव्हरेज किंवा लो. ढोबळमानाने हाय म्हणजे वीसहून अधिक अंकांची वाढ शिल्लक, लो म्हणजे पाच-सहाच. पेरिमीटर ६० आणि क्षमता लो असेल तर तो मुलगा चार वर्षांनी साठ-पासष्टवरच असणार, आणि ४२ पण क्षमता हाय असलेला त्याला मागे टाकू शकतो. पण पहिल्या वर्षी ४२ म्हणजे ४२च, हे विसरून त्याला सुरुवातीच्या पाचात उतरवलं की सामने हातचे जातात. शिवाय गुण आपल्या मर्यादेजवळ आला की वाढ मंदावते, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन अंकांवर सरावाची मिनिटं ओतत बसणं परवडत नाही.

क्षमता म्हणजे जागा, आणि ती भरते वर्क एथिक. ते विशीत असेल तर हाय क्षमता पाहून हुरळून जाऊ नका. चार वर्षं संपतील आणि निम्मी जागा रिकामीच राहील. वर्क एथिक स्वतःही वर-खाली होतं, आणि त्यात खेळायला मिळणाऱ्या मिनिटांचा मोठा वाटा असतो. म्हणून ज्याला दोन सीझन बाकावर बसवायचंय, त्याचं सुरुवातीचं वर्क एथिक चांगलंच हवं. रेडशर्टचा (एक वर्ष न खेळवता राखून ठेवण्याचा) विचार असेल तर याकडे दुप्पट लक्ष द्या.

एवढं पाहूनही माणूस आपल्या टीमला चुकीचा ठरू शकतो, कारण सेट. फुल कोर्ट प्रेस (पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा बचाव) खेळणाऱ्या टीमला दहा माणसं पळती लागतात. तिथे पन्नाशीतल्या स्टॅमिनाचा उत्तम शूटरही लवकर दमतो आणि दमला की त्याचे सगळेच गुण उतरतात. झोनमध्ये (प्रत्येकाने आपला भाग सांभाळायच्या बचावात) कमी माणसांत भागतं, तोच शूटर तिथे खपून जातो. ज्युनियर कॉलेजमधून (अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजमधून) येणाऱ्याकडे साधारण दोनच वर्षं असतात. तुमच्या सेटमधला त्याचा आयक्यू (तो सेट किती समजतो) कमी असेल, तर तो शिकेपर्यंत पहिला सीझन सरतो. अशा खेळाडूचे आजचे आकडे बघा, क्षमता नव्हे. मार्कांमुळे अपात्र ठरू शकणारा मुलगा घेताना, पहिल्या वर्षी त्याच्या जागी कोण खेळणार हे आधी लिहून ठेवा.

मग तो मिळेल का, हा प्रश्न. त्याच्या पसंती वाचा : घराजवळ की घरापासून लांब, यशस्वी टीम की नव्याने उभी राहणारी, तगडी कॉन्फरन्स (एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या टीम्सचा गट), बराच काळ टिकलेला कोच. टीमशी सही लवकर करणार की उशिरा, हेही तिथेच कळतं. उशिरा सही करणाऱ्यावर पहिल्या टप्प्यातच सगळे अटेन्शन पॉइंट (रिक्रूटला ओढण्यासाठी खर्चायचे पॉइंट) उधळले, तर मोठी टीम शेवटी येऊन त्याला उचलते आणि तुमचा दुसरा पर्यायही तोवर गेलेला असतो. डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवर, हे फार होतं. प्रत्येक रिकाम्या जागेमागे एक तरी असा पर्याय ठेवा, ज्याच्यासाठी तुम्हीच सर्वांत ओढीची टीम आहात.

रिक्रूटला ओढण्यासाठी खेळायला मिळणाऱ्या मिनिटांचा शब्द देता येतो. तो देताना हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. चार नवख्यांना प्रत्येकी २५ मिनिटांचा शब्द दिलात की १०० मिनिटं तिथेच गेली, आणि उरलेल्या १०० त बाकी आठ जण बसवायचे. शब्द मोडला तर मुलगा टीम सोडून जाऊ शकतो. म्हणून ऑफर पाठवण्याआधी पुढच्या सीझनच्या बारा जणांची मिनिटं कागदावर मांडा, बेरीज २०० च्या वर जात असेल तर एक शब्द कमी द्या.