वरची बारीक तार

(दृश्य: ऐरोलीची खाडी, ओहोटीची वेळ. चिखलावर फ्लेमिंगोंचा थवा, मागे विजेचे मनोरे.)

पाणी ओसरलं की ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो जेवायला उतरतात. मान खाली, चोच उलटी, चिखलपाण्यातलं शेवाळ गाळत एकेक पाऊल पुढे. भरती चढली की चिखल बुडतो. मग थवा उठतो आणि भांडुपच्या किंवा नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीकडे निघतो. भरती रात्रीही येते, त्यामुळे हे उडणं रात्रीही चालूच असतं.

खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. आणि याच खाडीवरून मुंबईत वीज येते. उन्हाळ्यात शहराची मागणी चार हजार मेगावॅटच्या वर जाते, शहरात तयार होणारी वीज तेवढ्याला पुरत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, इस्पितळं जनरेटरवर चालली होती. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या वाढवायला हव्यात, हे त्या दिवशी सगळ्यांनाच पटलं. तेव्हा तारा नकोतच, असं म्हणून भागणार नाही. त्या कुठून न्यायच्या आणि कशा सांभाळायच्या, हा खरा प्रश्न आहे.

(दृश्य: मनोऱ्याचा शेंडा, जवळून.)

मनोऱ्याकडे नीट बघा. आडव्या हातांना इन्सुलेटरच्या माळा, त्यांना टांगलेल्या जाड तारा. वीज त्यांतून वाहते. अगदी शेंड्यावर मात्र एक वेगळी, बारीक तार दिसेल. ही अर्थवायर. आभाळातली वीज पडली तर ती झेलून जमिनीत उतरवायची, हे तिचं काम. पक्ष्याला खालच्या जाड तारा दिसतात, त्या चुकवायला तो वर उसळतो आणि नेमका या बारीक तारेवर आदळतो. फ्लेमिंगोचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, पंख लांब, अंग जड. ऐनवेळी वळणं त्याला जमत नाही. त्यात अंधार किंवा धुकं असेल, तर तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर एक साधं साधन आहे, बर्ड डायव्हर्टर. वाऱ्यावर फिरणारी, चमकणारी छोटी चकती. काही चकत्या दिवसाचा उजेड साठवून अंधारातही उजळतात. ठरावीक अंतरावर त्या तारेला अडकवल्या की पक्ष्याला तार लांबूनच कळते. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हे डायव्हर्टर लावायला सांगितले, तेव्हा ते देशभर चर्चेत आले.

पण एकदा लावले की झालं, असं नाही. खाडीची खारी हवा लोखंड खाते, तिथे प्लास्टिकच्या चकतीचा काय टिकाव लागणार? चकती अडकते, फिरेनाशी होते, एखादी गळूनही पडते. लाइनमन वाहिनीखालून गस्त घालतात, तेव्हा फुटलेले इन्सुलेटर आणि तारेजवळ आलेल्या फांद्या टिपून घेतात. त्याच यादीत चकत्याही याव्यात. तारांखाली सापडलेला पक्षीसुद्धा यावा. कोणत्या दोन मनोऱ्यांमध्ये, कोणत्या महिन्यात, कोणता पक्षी. अशी नोंद रोजच्या रोज ठेवायला वीज कंपनीइतकी माणसं दुसऱ्या कोणाकडे आहेत? ती नोंद बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या अभ्यासकांना आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला मिळाली, तर पुढच्या वाहिनीचा मार्ग नकाशावर असतानाच बदलता येईल. पक्षी वाचवायची सगळ्यात स्वस्त वेळ तीच. मनोरा उभा राहिला की मग चकत्यांवरच भिस्त.

(दृश्य: बोरिवली, जंगलाच्या कडेचे विजेचे खांब.)

दक्षिण मुंबईत बेस्टच्या तारा जमिनीखाली आहेत. उपनगरात, नॅशनल पार्क आणि आरेच्या कडेने, उघड्या तारा अजून दिसतात. एकाच तारेला लटकलेल्या वटवाघळाला काही होत नाही. पंख पसरून दोन तारांना एकदम टेकलं की मात्र ते जळतं. माकडाचंही तेच. उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एबी केबल टाकली की हा धोका जवळपास संपतो, वर ट्रिपिंग, म्हणजे मध्येच वीज तुटणंही कमी होतं.

(दृश्य: लोणावळा, वळवणचं मत्स्यबीज केंद्र.)

मुंबईच्या विजेचं सह्याद्रीशी शंभर वर्षांहून जुनं नातं आहे. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि गिरण्यांना घाटावरच्या पाण्याची वीज मिळाली. त्याची किंमतही मोठी होती. मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणात जाणाऱ्या जमिनीसाठी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. माणसांबरोबर नद्यांतले मासेही अडले. महाशीर मासा अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला जातो. धरणाची भिंत आली की त्याची वाट बंद.

टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून वळवणला महाशीरची पिल्लं वाढवते आहे. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवला की सोनेरी अंडी भांड्यात उतरतात. त्यात नराचं वीर्य मिसळायचं, अंडी ट्रेमध्ये पसरायची आणि वरून स्वच्छ पाणी सतत वाहतं ठेवायचं. पाणी थांबलं तर अंडी गेली. एवढी निगा दशकानुदशकं राखणं सोपं नाही, आणि याचं मला मनापासून कौतुक आहे. आपल्याच धरणाने जिथे वाट अडवली, तिथलंच हे काम. वीज कंपन्यांनी पर्यावरणासाठी रोपं जरूर वाटावीत. पण आधी आपल्या तारा, आपली धरणं, आपली धुरांडी यांच्याखाली काय घडतं ते बघावं.

आणि यात ग्राहकालाही बोलता येतं. कंपन्यांचा खर्च महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग तपासतो. वीजदर ठरवण्याआधी मराठी वृत्तपत्रांत जाहीर सूचना येते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. खाडीवरच्या कोणत्या वाहिन्यांवर डायव्हर्टर आहेत, ते शेवटचे कधी बदलले आणि गेल्या वर्षात तारांखाली किती पक्षी सापडले, हे तिथे लेखी विचारता येतं.