पाईप विझला तर विझू द्या

हे काका बघा, दहा मिनिटं झाली पाईप पेटवून आणि धूर जेमतेम दिसतोय. पाईप ओढायची खरी पद्धत हीच. नवीन माणूस सिगरेटसारखे भसाभसा झुरके मारतो, मग तंबाखू तापते, तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन थेट जिभेवर येते आणि जीभ पोळते, आणि लोक म्हणतात तंबाखूच कडक होती.

अर्धं काम भरतानाच होतं. आधी चिमूटभर तंबाखू सैलसर सोडायची, दुसरा थर थोडा दाबायचा, तिसरा जरा जोर लावून. न पेटवता ओढून बघा, स्ट्रॉने पाणी ओढताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे, जास्त लागला तर सरळ काढून पुन्हा भरा, कंटाळा करू नका.

आता काडी. ज्योत गोल फिरवत सगळा वरचा थर पेटवायचा, तंबाखू फुगून वर येते, ती टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने, हलकेच बसवायची आणि परत पेटवायची. पुढे नुसते घोट घेतल्यासारखे बारीक झुरके. पाईप हातात धरवत नाही इतका गरम झाला की थांबायचं, एवढी खूण पुरे. हळू ओढायच्या स्पर्धा असतात, 3 ग्रॅम तंबाखू आणि 2 काड्या, ज्याचा पाईप शेवटपर्यंत पेटता राहील तो जिंकला, मुरलेली माणसं दोन तासांच्याही पुढे जातात!

धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. पण म्हणून हे निर्धोक आहे असं अजिबात समजू नका, निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं, सवय लागते, आणि तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाईपनेही होतो. हे मी मनापासून सांगतोय, ज्याने सुरूच केलं नाही त्याने सुरू करायची काही गरज नाही.

बहुतेक चांगले पाईप ब्रायरचे, भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी ही गाठ, उष्णता सोसते आणि ओलावाही शोषते. आत साठणारा काजळीचा थर मिलिमीटरभर राहू द्या, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. गरम असताना नळी मात्र कधीच उपसू नका, सांधा तडकतो. गार झाल्यावर नळीतून क्लीनर, म्हणजे साफ करायची केसाळ लवचिक तार, फिरवा, आणि तोच पाईप परत उद्याच घ्या, तोवर लाकूड वाळतं.

मध्येच विझला ना? काका बघा, राख हलकेच दाबतात, गप्पा चालूच, आणि काडी शोधायची त्यांना काही घाई नाही.