भरल्या पानावरून उठलेला मॅनेजर

नमस्कार मंडळी. आज फुटबॉलबद्दल बोलायचंय, पण गोल-पेनल्टीबद्दल नाही, एका भांडणाबद्दल. हे भांडण मी २०१९ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये एका स्वयंपाकघरात बसून ऐकलं, आणि खरं सांगतो, अजून ते माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं ओस पडतात, आणि एखाद्या खेळाडूने एक तालीम, म्हणजे आमच्याकडचा फुटबॉल संघ, सोडून दुसरी धरली तर त्याच्याशी वर्षभर न बोलणारे लोक मी पाहिलेत. त्यामुळे शिकायला ग्लासगोला गेलो आणि डेनिस्टन भागात खोली मिळाली तेव्हा मला तिथं परकं असं वाटलंच नाही. ड्यूक स्ट्रीटवरनं सरळ पूर्वेकडे चालत राहिलं की पार्कहेड येतं, म्हणजे सेल्टिक क्लबचं मैदान, साठ हजार लोक बसतात तिथं. मॅचच्या दिवशी तो अख्खा रस्ता हिरव्या-पांढऱ्या मफलरांनी भरलेला असायचा.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, तेव्हा पंचाहत्तरीचे. मी त्यांना नावानेच हाक मारायचो, तिकडची रीतच तशी, पण मनात आजोबाच म्हणायचो. ते मला 'सन', म्हणजे बाळा, म्हणायचे. मी भारतातला आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला काय सांगितलं असेल? मोहम्मद सलीमची गोष्ट! कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर, १९३६ साली सेल्टिकच्या राखीव संघातून खेळला, आणि ते बूट न घालता, नुसत्या पायाला पट्ट्या बांधून. ट्रेनर जिमी मॅकमेनेमी खाली बसून त्याच्या पायाला पट्टी बांधतोय असा फोटो आहे, तो आजोबांना पाठ होता, कुठला हात कुठे आहे इथपर्यंत. सलीमला पुढे घरची ओढ लागली आणि तो परत गेला. आजोबा म्हणाले, त्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण भांडणाची सगळी गोम तिथंच आहे.

तर २६ फेब्रुवारी २०१९, मंगळवार. रविवारीच सेल्टिकने मदरवेलला ४-१ हरवलं होतं, लीगमध्ये आठ गुणांची आघाडी, आणि मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, ब्रेंडन रॉजर्स क्लब सोडून इंग्लंडमधल्या लेस्टर सिटीला निघून गेला. सीझन संपायला तीन महिने राहिलेले आणि दुसऱ्याच दिवशी एडिनबर्गच्या हार्ट्स क्लबच्या मैदानावर मॅच!

आता हा रॉजर्स कोण ते सांगतो, म्हणजे लोकांच्या जिव्हारी का लागलं ते कळेल. उत्तर आयर्लंडमधल्या कार्नलॉ गावचा माणूस, लहानपणापासून सेल्टिकचा फॅन. २०१६ च्या उन्हाळ्यात आला आणि पहिलीच अधिकृत मॅच जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्स नावाच्या क्लबकडून १-० हरला, लोकांनी डोक्याला हात लावला. पण त्यानंतर त्या सीझनमध्ये देशातली एकही मॅच हरला नाही. लीगच्या ३८ मॅचेस, ३४ विजय, ४ ड्रॉ, १०६ गुण. कपच्या फायनलला ॲबर्डीनविरुद्ध १-१ चालू होतं, इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळात, टॉम रॉजिकने गोल मारला आणि लीग, स्कॉटिश कप, लीग कप अशा देशातल्या तिन्ही ट्रॉफ्या घरी, यालाच ट्रेबल म्हणतात. पुढच्या वर्षी परत तिन्ही. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात लीग कप, म्हणजे सातपैकी सात. अजून दोन मिळाल्या असत्या तर सलग तिसरं ट्रेबल, जे स्कॉटलंडमध्ये आधी कुणीच केलं नव्हतं, आणि ते तोंडाशी आलेलं असताना माणूस पानावरून उठला.

त्या रात्री मी दूध मागायला म्हणून आजोबांकडे गेलो तर त्यांचा नातू आलेला, विशीतला, आणि दोघांचं जुंपलेलं. नातू रॉजर्सच्या बाजूचा. तो म्हणत होता, अहो त्याने सगळं जिंकून दिलं, अजून किती जिंकायचं? तिकडं दर आठवड्याला लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी असल्या टीमशी गाठ, इथं काय, तीच ती मैदानं. बाहेर कुणाला विचारा, आपली लीग कोण बघतं? आपण मोठे आहोत हे फक्त आपल्याच गल्लीत, युरोपमध्ये बार्सिलोनाने सात मारले, पॅरिसने सात मारले, विसरलात का?

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मे महिन्यापर्यंत थांबला असता तर मी स्वतः त्याला स्टेशनवर सोडायला गेलो असतो."

मला वाटतं, त्या पोराचं म्हणणं चूक नव्हतं. पैशाचा हिशोब मांडला तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा त्यावेळचा तीन वर्षांचा देशातला टीव्ही करार पाच अब्ज पौंडांच्या वर होता, आणि स्कॉटलंडच्या अख्ख्या लीगचा करार आजही वर्षाला तीन कोटी पौंडांच्या आसपास आहे. लेस्टरचं मैदान सेल्टिकच्या निम्मंच, बत्तीस हजारांचं, २०१६ ची लीग सोडली तर कपाटात फार काही नव्हतं, तरी खेळाडू विकत घ्यायला पैसा त्यांच्याकडे जास्त. यात सेल्टिकच्या फॅनचा काही दोष नाही, तो बिचारा पाऊस-थंडीत दर शनिवारी जाऊन बसतोच की, सरहद्द मध्ये आहे म्हणून त्याच्या क्लबची ऐपत कमी!

पण ऐपत वेगळी आणि पत वेगळी. नातू ऐपतीबद्दल बोलत होता, आजोबा पतीबद्दल, आणि म्हणून ते रात्री अकरापर्यंत भांडले तरी एकमेकांना ऐकू जात नव्हतं.

या क्लबची पत कुठून आली ते बघा. १८८७ साली ग्लासगोच्या पूर्व भागात, कॅल्टनमधल्या सेंट मेरी चर्चच्या हॉलमध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूने हा क्लब काढला, कशासाठी, तर आयर्लंडमधून पोट भरायला आलेल्या गरीब कुटुंबांच्या पोरांना जेवण मिळावं म्हणून. मॅचचे पैसे जेवणाला. जेवणासाठी निघालेला क्लब आहे हा! पहिला मॅनेजर विली मेली १८९७ ते १९४० राहिला, त्रेचाळीस वर्षं. पुढे जॉक स्टीन, खाणीत काम केलेला माणूस, त्याने सलग नऊ वेळा लीग जिंकली आणि २५ मे १९६७ ला लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप आणला. ब्रिटनमधल्या कुठल्याही क्लबच्या आधी. आणि ते अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले! आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे, लिस्बनला जायला पैसे नव्हते, शेजाऱ्याकडे टीव्हीवर मॅच बघितली. सेल्टिकच्या गेमेलने बरोबरीचा गोल मारला तेव्हा एक बाई आनंदाने इतक्या जोरात उठल्या की मांडीवरची चहाची बशी भिंतीवर जाऊन फुटली, हे सांगताना त्यांचा हात अजून भिंतीकडे जायचा.

अशा माणसाला जर घरातलाच एक जण, लहानपणापासून याच क्लबवर जीव असलेला, बुधवारच्या मॅचच्या आदल्या दिवशी सांगून गेला की मला लेस्टरला जायचंय, तर तो 'मी जातो' एवढंच म्हणत नाही ना, तो म्हणतो तुमचं ताट लहान आहे. दुखतं ते तिथं. याच क्लबचा मॅनेजर मार्टिन ओ'नील २००५ मध्ये बायको आजारी म्हणून गेला, लोकांनी डोळे पुसत निरोप दिला. २०२३ मध्ये तेव्हाचा मॅनेजर अँजी पोस्टेकोग्लू इंग्लंडमधल्या टॉटनमला गेला, हळहळले, थोडे रागावलेही, पण तो तिन्ही ट्रॉफ्या हातात देऊन, जूनमध्ये गेला. जेवण उरकून, हात धुऊन.

दुसऱ्या दिवशी हार्ट्सच्या मैदानावर सेल्टिकच्या फॅन्सनी बॅनर धरला, अमरत्व देऊन सामान्यपण घेतलंस, तू कधीच आमचा नव्हतास. सेल्टिकने मॅच शेवटच्या क्षणी २-१ जिंकली. रॉजर्सच्या जागी आलेल्या नील लेननने पुढे ते तिसरं ट्रेबलही पूर्ण केलं, म्हणजे ज्यासाठी रॉजर्स अजरामर झाला असता ते दुसऱ्याच्या नावावर लागलं. मला त्या बॅनरवरचा दुसरा भाग पटला नाही, आजही पटत नाही. सात ट्रॉफ्या जिंकून देणारा माणूस कधीच आपला नव्हता असं कसं म्हणायचं? होता, म्हणूनच तर लागलं.

लेस्टरमध्येही त्याने वाईट केलं नाही हो, दोनदा पाचवा आला, २०२१ मध्ये चेल्सीला हरवून त्या क्लबला त्यांचा पहिला एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मोठा कप, मिळवून दिला. मग गाडी घसरली, एप्रिल २०२३ मध्ये त्याला काढलं, त्याच मे महिन्यात लेस्टर खालच्या लीगमध्ये गेलं. आणि जूनमध्ये हा परत सेल्टिकच्या दारात! मी तोवर भारतात परतलो होतो. आजोबांना फोन केला, म्हटलं काय करणार? म्हणाले, "तिकीट तर दर वर्षीचं घेतलेलंच आहे, सन. जाऊन बसणार. टाळ्या वाजवायच्या का ते बघू."

वाजवल्या त्यांनी. पहिल्या वर्षी लीग आणि कप, दुसऱ्या वर्षी परत लीग, क्लबची पंचावन्नावी, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या स्पर्धेत, बायर्नविरुद्धची पहिली मॅच २-१ हरल्यावर, म्युनिकच्या दुसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत १-० पुढे होते, इंज्युरी टाइममध्ये गोल खाल्ला नसता तर एक्स्ट्रा टाइम झाला असता. त्या रात्री कोल्हापुरात पहाटेचे तीन-साडेतीन झालेले, मी आणि आजोबा फोनवर दोघंही गप्प.

आणि मग ऑगस्टमध्ये कझाकस्तानच्या कैरात अल्माटीविरुद्ध दोन मॅचमध्ये एकही गोल नाही, पेनल्टीवर हरून चॅम्पियन्स लीग हुकली. फॅन्स बोर्डावर, म्हणजे क्लब चालवणाऱ्या संचालकांवर, चिडले, पैसा बँकेत आणि टीम कच्ची म्हणून. ऑक्टोबरात हार्ट्सकडून ३-१ हरले आणि दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, रॉजर्सचा राजीनामा. परत सीझनच्या मधे. पण या वेळी वाद साधा राहिला नाही, कारण क्लबमधले सगळ्यात मोठे शेअरहोल्डर डर्मट डेझमंड यांनी जाहीर पत्रक काढून त्याच्यावर फूट पाडल्याचा ठपका ठेवला, आणि २०१९ मध्ये त्याला शिव्या घालणारे कितीतरी फॅन्स आता म्हणायला लागले की थांबा, पान अर्धवट होतं हे खरं, पण वाढणाऱ्यांनी काय वाढलं होतं? तेव्हा रॉजर्सची बाजू घेणारा नातू आता त्याच्यावर चिडलाय आणि आजोबा बोर्डावर. म्हणजे दोघंही जागा बदलून बसले.

त्याच संध्याकाळी क्लबने तात्पुरता मॅनेजर म्हणून मार्टिन ओ'नीलला बोलावलं, त्र्याहत्तराव्या वर्षी. आजोबांना फोन केला तर आवाजच बदललेला. म्हणाले, बघ, तो बायकोसाठी गेला होता, आणि आता हाक मारली तर आला.

मी विचारलं, तो फोटो कुठाय? त्यांच्या फ्रिजवर २०१७ च्या कप फायनलचं पेपरमधलं कात्रण होतं, सगळी टीम ट्रॉफीबरोबर आणि कडेला रॉजर्स. २०१९ च्या त्या रात्री त्यांनी माझ्यासमोर ते काढलं, कडेचा भाग मागं दुमडला आणि परत लावलं. फाडलं नाही. २०२३ मध्ये घडी उघडली होती, मला फोटो पाठवला होता त्याचा.

ते म्हणाले, कालच परत दुमडायला गेलो तर घडीवर कागद विरलेला, हातात दोन तुकडे आले. नातवाने मागनं सेलोटेप लावून दिलीय. आता ते उघडंच आहे फ्रिजवर, सगळ्यांसकट.